ब्याऐंशीचं अ‍ॅव्हरेज

अकराव्या किकला गाडी सुरू झाली. वैजनाथ गुरुजींनी मूठ पिळली, पाय वर घेतले आणि गाडीचा विचार बदलायच्या आत ती दारातून बाहेर काढली. जेवणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या उज्वलाताई तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, डबा!"

"पळत ये, पळत! थांबलो की गेली!"

उज्वलाताईंचं वय बावन्न. सोमवारची सकाळ, उदगीरची डिसेंबरातली थंडी आणि पायात घरातल्या सपाता. तरी त्या अर्धी गल्ली पळाल्या आणि चालत्या गाडीच्या हँडलला त्यांनी डबा अडकवला. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या शेकोटीपाशी बसून हा कार्यक्रम पाहिला. गेले पंधरा दिवस तो रोज होत असल्यामुळे आता कुणी हसतही नव्हतं.

गाडीचं दुखणं साधंच होतं. चौदा वर्षांची जुनी गाडी, पळायला अजून घोडी होती, पण थंडीत जागेवर उभी राहायला तयार नव्हती. मूठ सोडली की दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. मग पुन्हा किका. त्यामुळे घरापासून अठरा किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत गुरुजी कुठेही न थांबता जायला शिकले होते. उजवा हात मुठीवर खिळलेला, त्यामुळे रस्त्यात कुणी "रामराम गुर्जी" म्हटलं तर ते डावा हात वर करायचे. डाव्या हाताचा रामराम कुणाला गोड लागतो? पंधरा दिवसांत त्या रस्त्यावरच्या तीन गावांचं एकमत झालं होतं, की गुर्जीला निवृत्ती जवळ आल्यापासून लई गर्व आलाय.

गुरुजींना या सगळ्याचं वाईट वाटत होतं. पण त्या सोमवारी जे घडलं, त्याचं जे वाईट वाटलं, ते वेगळंच होतं.

नवव्या किलोमीटरवर हणमंतवाडीचा फाटा लागतो. तिथे सिद्रामप्पाचं हॉटेल आहे, म्हणजे चार बाकं आणि एक चहाची भट्टी. रोज सकाळी किशनराव तिथे दुधाची कॅन घेऊन डेअरीच्या गाडीची वाट बघत उभा असतो. किशनराव म्हणजे गुरुजींचा तीस वर्षांचा दोस्त. गुरुजी या भागात पहिल्यांदा नोकरीवर आले, तेव्हा त्याच्याच घरच्या ओसरीत उतरले होते. आणि गेले आठ महिने दोघांचा अबोला होता.

त्या सकाळी गुरुजी मान खाली घालून फाट्यावरून निघाले, तेवढ्यात किशनरावाने हात केला. उजवा हात लांब केला, तळवा खाली आणि दोनतीनदा खालीवर हलवला. आपल्याकडे माणसाला जवळ बोलवायचं तर हात असाच करतात. तोंडाने त्याने अवाक्षर काढलं नाही. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने गुरुजींकडे सरळ पाहिलं होतं.

मूठ सोडावी, ब्रेक दाबावा, उतरावं, असं एका क्षणात गुरुजींच्या मनात येऊन गेलं. पण गाडी बंद पडली तर पुन्हा अकरा किका, त्याही सिद्रामप्पाच्या हॉटेलासमोर, सगळ्यांच्या देखत. शिवाय शाळेत साहेब तपासणीला येणार होते. या विचारात फाटा मागे पडला. गुरुजींनी जाता जाता डावा हात तेवढा वर केला.

शाळेसमोर ते उतरले, तेव्हा त्यांना स्टँड लावायचंही भान नव्हतं. गाडी मुकाट्याने उभी राहिली आणि गुरुजी हजेरीपट घेऊन वर्गात गेले. दिवसभर त्यांनी पोरांना भूगोल शिकवला, पण डोळ्यांसमोर तो खालीवर हलणारा हात होता.

कारण शुक्रवारी येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ज्याने ती लातूर-उदगीरकडे पाहिली नाही, त्याला दिवाळीपेक्षा मोठा सण असतो हे सांगून पटत नाही. त्या दिवशी गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपी, उभी करायची, पूजा करायची, आणि मग बेसन लावून शिजवलेली शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोल उंडे आणि मडक्यातली आंबील असं जेवण करून दुपारभर झाडाखाली लोळायचं. ज्याला रान नाही तो दोस्ताच्या रानात जातो. गुरुजींना रान नव्हतं. तीस वर्षं त्यांची येळवस किशनरावाच्या रानातच झाली होती. म्हणून त्या हाताचा अर्थ गुरुजींना लगेच कळला. किशन्याने अबोला मोडला होता. येळवशीचं आवतन द्यायला त्याने हात केला होता आणि आपण त्याला डाव्या हाताने टाटा करून निघून गेलो.

"मग फोन करा की!" संध्याकाळी उज्वलाताई म्हणाल्या.

"फोन करून काय सांगू?"

"गाडी बंद पडती म्हणून थांबलो नाही म्हणा."

"अन् तो म्हनला, का बंद पडती? मग?"

गाडी का बंद पडते, यातच सगळी मेख होती.

मे महिन्यात सिद्रामप्पाच्या हॉटेलात गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजवर चर्चा चालली होती. कुणी साठ म्हणालं, कुणी पासष्ट. गुरुजींनी बशीतला चहा फुंकत सहज सांगितलं, "माझी ब्याऐंशी देते." हा आकडा त्यांच्या तोंडून कसा गेला, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. पण एकदा गेलेला आकडा गुरुजी माणूस मागे कसा घेणार?

किशनराव खो खो हसला. "ब्याऐंशी? वैजनाथ, ढकलीत नेतोस का काय गाडी?"

सगळं हॉटेल हसलं. सिद्रामप्पाच्या हातातला चहा सांडला. गुरुजींचं नाक लाल झालं. "तुझ्यासंगं बोलायचं काम न्हाई," म्हणून ते उठले. किशनरावही हटायचा नाही. "नको बोलूस. तू बोलल्याबिगर मी बी बोलनार न्हाई," असं म्हणून त्याने पाठ फिरवली. तीस वर्षांची दोस्ती अर्धा कप चहाच्या आत थंड झाली.

मग गुरुजींनी ब्याऐंशी खरे करून दाखवायचं ठरवलं. शाळेतले एक सर म्हणाले, कार्बोरेटरला रेसचा स्क्रू असतो, तो कमी करा, उभ्या गाडीला पेट्रोल कमी जळेल. गुरुजींनी घरी येऊन तो स्क्रू दोन फेरे कमी केला. दात कोरून पोट भरत नाही, हे त्यांनी पोरांना फळ्यावर कितीदा लिहून दिलं होतं. पण फळ्याकडे गुरुजींची कायम पाठ असते. मेच्या उन्हात गाडी तशीही चालली. थंडी पडली आणि तिने स्क्रूचा सूड घेतला.

म्हणजे 'गाडी बंद पडते' म्हणायचं, तर स्क्रू सांगावा लागणार. स्क्रू सांगायचा, तर ब्याऐंशी सांगावे लागणार. आणि ब्याऐंशी सांगायचे, तर किशन्या खरा ठरणार. त्यापेक्षा गाडी दुरुस्त करावी, उद्या फाट्यावर थाटात थांबावं आणि काहीच झालं नाही असं म्हणावं, हे गुरुजींना सोपं वाटलं.

शाळेतून येता येता ते मल्लेशकडे जाऊन आलेच होते. मल्लेश म्हणजे उदगीरच्या नाक्यावरचा जुना मेकॅनिक. त्याने मूठ सोडून गाडी उभी केली. अठरा किलोमीटर पळून तापलेली गाडी, वर संध्याकाळचं ऊन. ती अशी शांत उभी राहिली, जशी सासरच्या माणसांसमोर नवी सून.

"गुर्जी, ही तर भारी चालायलीय."

"सकाळी बंद पडती रे!"

"मी सकाळचं काय बघू? आता सकाळ न्हाई." मल्लेशने प्लग साफ केला, फिल्टर झटकला. मग वाकून म्हणाला, "रेस कमी दिसायलीय. कुनी हात लावला का?"

"छे! कोण लावणार?" गुरुजी म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

मल्लेशने स्क्रू वाढवला. गाडी गुरगुरू लागली. गुरुजी निघाले, पण त्या गुरगुरीबरोबर थेंब थेंब पेट्रोल जातंय असं त्यांना ऐकू येऊ लागलं. आठ महिन्यांची सवय. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली आणि डिकीतला स्क्रूड्रायव्हर काढून स्क्रू एक फेरा कमी केला. मग मन राहिना म्हणून आणखी थोडासा केला. एवढ्याशाने काय होतं?

मंगळवारी सकाळी चौदा किका लागल्या. तरी गुरुजी ठाम होते. आज थांबायचंच. हणमंतवाडीचा फाटा दिसला, किशनराव दिसला, दुधाची कॅन दिसली. गुरुजींनी मूठ हळूहळू सोडली. गाडीने पहिला आचका दिला. बाकावरच्या चारपाच माना वळल्या. गाडीने दुसरा आचका दिला. त्या माना, तो मे महिन्यातला हशा, ते 'ढकलीत नेतोस का काय', सगळं गुरुजींच्या अंगावर धावून आलं. त्यांनी मूठ गच्च पिळली आणि धूर सोडत पुढे गेले.

किशनरावाने आज हात केला नव्हता. गुरुजींनी आरशात पाहिलं. तो त्यांच्या गाडीच्या खालच्या अंगाकडे एकदा बघून सरळ हॉटेलात गेला.

"संपलं," गुरुजी घरी आल्यावर म्हणाले. "माणूस एकदा बोलवतो. दोनदा कशाला बोलवील?"

"तुम्ही त्या मल्लेशला खरं सांगा आधी," उज्वलाताई म्हणाल्या.

"थंडीमुळंच होतंय ते. गाडी उबेत ठेवली पाहिजे."

आणि त्यांनी आणल्या आणल्या गाडीवर गोधडी टाकली. गोधडी उज्वलाताईंच्या आईने शिवलेली, जुन्या लुगड्यांची. गाडी नुकतीच शाळेतून आलेली, सायलेन्सर तापलेला. अर्ध्या तासाने शेजारणीने हाक मारली, "वैनी, काय जळायलंय का?" गोधडीला ताटलीएवढं भोक पडलं होतं. उज्वलाताईंनी ते भोक बघितलं, गोधडीची घडी घातली आणि काही बोलल्या नाहीत. आता गुरुजींचे दोन अबोले झाले, एक फाट्यावर आणि एक घरात.

बुधवारी किशनराव हॉटेलात पाठमोरा बसलेला होता. गुरुजी त्याची पाठ बघत निघून गेले. संध्याकाळी त्यांनी गाडी मल्लेशकडे नेऊन सोडली.

"ठेव दोन दिवस. पण थंडीत बघ. सकाळी सहाला."

"फिकर करू नका गुर्जी. उद्या सकाळी बघतो, सांजच्याला घेऊन जावा."

गुरुवारी गुरुजी वडापच्या जीपने शाळेला निघाले. जीपमध्ये सतरा माणसं, गुरुजी मधोमध, मांडीवर कुणाचं तरी आंबिलीचं मडकं. फाटा आला, तेव्हा किशनराव रस्त्याच्या कडेला कडब्याच्या पेंढ्या टेम्पोत भरत होता. उद्याच्या कोपीचा कडबा.

"थांबव रे, थांबव!" गुरुजी ओरडले.

"इथं कुठं उतरताव गुर्जी? शाळा तर म्होरं हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला पुढे. गुरुजींनी मडक्यावरून हात वर काढला. किशनरावाला जीप दिसली असेल, त्यातला हात कुणाचा हे कसं कळणार?

संध्याकाळी ते नाक्यावर आले, तर मल्लेशच्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, "मल्लेश गेला की गावाकडं. येळवस न्हाई का उद्या?"

"आणि माझी गाडी?"

"आत हाय. कुलपात. फिकर करू नका, चोरी व्हनार न्हाई."

शुक्रवारी उदगीर ओस पडलं. येळवशीला शहरात फक्त कुत्री आणि पोलीस राहतात. दुकानं बंद, रिक्षा नाही, रस्त्यावर एकेक टेम्पो माणसांनी भरून गावाकडे चाललेला. गुरुजींनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि ते नाक्यावर जाऊन उभे राहिले. आवतन नसेना का. अर्धवट का होईना, किशन्याने हात केला होता. तेवढ्यावर जायचं.

एक टेम्पो थांबला. आत बायकापोरं, टोपल्या, मडकी. पाठीमागे बसलेला एक ओळखीचा माणूस वाकून म्हणाला, "या गुर्जी, बसा. कुनाच्या रानात चाललाव?"

साधा प्रश्न. तीस वर्षं त्याचं उत्तर गुरुजींनी न विचारता देऊन टाकलं होतं, "किशन्याच्या." आज त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. ज्या रानात आपल्याला कुणी बोलावलं की नाही हेही माहीत नाही, त्याचं नाव कसं घ्यायचं? पोहोचल्यावर त्याने पाठ फिरवली तर? चारचौघांत, त्याच्या बायकोसमोर, तुळजावहिनींसमोर?

"न्हाई, असंच उभा हाय. पाय मोकळे करायलोय," गुरुजी म्हणाले.

टेम्पो गेला. नंतर तीन टेम्पो गेले. प्रत्येकाने तेच विचारलं आणि गुरुजींनी प्रत्येकाला तेच सांगितलं. बारा वाजता ते घरी परतले. उज्वलाताईंनी पिठलंभाकरी वाढली. येळवशीला पिठलंभाकरी खाणारं त्या दिवशी सगळ्या तालुक्यात तेवढं एकच घर असावं. त्यांनी अबोला विसरून विचारलं, "गेला नाहीत?" गुरुजींनी मान हलवली.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसहालाच गुरुजी मल्लेशच्या दारात हजर झाले. तो रात्रीच गावाकडून आला होता. घोंगडं पांघरून, डोळे चोळत त्याने शटर वर केलं. दोन दिवस गारठलेली गाडी बाहेर काढली, बाराव्या किकला चालू केली आणि मूठ सोडली. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

"पडली!" गुरुजी आनंदाने ओरडले. "बघ, पडली का नाही?"

मल्लेश खाली बसला, स्क्रूकडे बघितलं, मग गुरुजींकडे बघितलं.

"गुर्जी, सोमवारी हे मी वाढवलं व्हतं. परत कुनी कमी केलं?"

गुरुजी टोपी हातात घेऊन उभे राहिले. वर्गात शाई सांडलेलं पोरगं उभं राहतं तसे.

"मी."

"आन् त्येच्या आधी?"

"तेव्हाही मीच. ब्याऐंशी म्हणून बसलो होतो, ते खरं करायचं होतं."

मल्लेशने स्क्रू दीड फेरा वाढवला, पुन्हा किक मारली. गाडी उभी राहिली. फट फट फट फट, ना आचका ना खोकला. सगळ्या कामाला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आठ महिने एका बाजूला आणि हे अर्धं मिनिट एका बाजूला.

"आता बोटबी लावू नका," मल्लेश म्हणाला.

फाट्यावर धुकं होतं. किशनराव कॅनपाशी उभा होता, हातात एक स्टीलचा डबा. गुरुजींनी लांबूनच मूठ सोडली आणि गाडी त्याच्यासमोर नेऊन उभी केली. गाडी थांबली आणि चालूच राहिली. बाकावरच्या माना वळल्या. सिद्रामप्पा गाळणी हातात धरून बाहेर आला.

किशनरावाने गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याने आधी वाकून गाडीच्या डाव्या अंगाला खाली पाहिलं. पण तोंड उघडलं नाही. पहिलं कोण बोलणार, हे मे महिन्यातच ठरलेलं होतं.

"किशन," गुरुजी म्हणाले, "चुकलं माझं. सोमवारी तू हात केलास अन् मी थांबलो न्हाई."

"थांबला न्हाईस ते न्हाईस," किशनराव आठ महिन्यांनी बोलला. "पर स्टँड तरी वर घ्यावं की न्हाई मानसानं?"

"स्टँड?"

"साईड स्टँड! खाली सोडून चालला व्हतास नव्हं. म्होरं डाव्या अंगाला वळन हाय. टेकलं असतं तर गेला असतास खड्ड्यात. म्हनून हात केला, स्टँड खाली हाय, स्टँड खाली हाय."

गुरुजींना सोमवारची सकाळ आठवली. अकरा किका, गाडी सुरू होताच घाईने निघणं. आणि शाळेसमोर आपोआप उभी राहिलेली गाडी.

"मग तोंडानं वरडायचं की, किशन्या!"

"कसं वरडू? अबोला व्हता नव्हं आपला?" किशनराव खेकसला. मग खाली बघून म्हणाला, "बोलायचं न्हाई असं ठरलं व्हतं. तुला मरू द्यायचं थोडंच ठरलं व्हतं?"

सिद्रामप्पाने हातातली गाळणी झटकली आणि उगाच भट्टीकडे बघितलं.

"मला वाटलं," गुरुजी हळूच म्हणाले, "येळवशीला बोलवायलास."

"येळवशीला?" किशनरावाने आता पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तीस वर्सांत एकदा तरी बोलावलं का रं मी तुला?"

गुरुजींनी आठवून पाहिलं. खरंच, एकदाही नाही. दरवर्षी ते नुसते जायचे.

"घरच्या मानसाला कुनी आवतन देतं का? अबोला आपला दोघांचा. रानाचा काय संबंध त्याच्यात? तुळजानं ताट वाढून ठिवलं काल तुजं. म्हनली, येतेत भावजी, त्येंची गाडी अ‍ॅव्हरेजवर चालती, हळू येतेत. चार वाजेपातूर वाट बघितली. ती बी तवर जेवली न्हाई."

हे ऐकून गुरुजींना जे झालं, ते आठ महिन्यांतल्या सगळ्या किकांनी झालं नव्हतं. नाक्यावरचे ते चार टेम्पो त्यांना आठवले. "कुनाच्या रानात?" आणि "पाय मोकळे करायलोय." एक शब्द बोलले असते तर दुपारी त्या ताटावर बसले असते. ती येळवस आता परत येणार नव्हती. पुढची येईल, पण ती पुढची.

"अ‍ॅव्हरेज किती देती रं खरं?" किशनरावाने विचारलं.

"बावन्न."

"आन् मे महिन्यात?"

"तवाबी बावन्नच."

किशनराव बाकांकडे एक नजर टाकून हळूच म्हणाला, "पंचावन तरी सांग की. लोकं ऐकायलेत."

त्याने हातातला स्टीलचा डबा उघडून गुरुजींच्या पुढे केला. आत कालची भज्जी होती, थंडीने थिजलेली, वर दोन उंडे. सिद्रामप्पा मागून म्हणाला, "आवं किशनराव, ती माझ्यासाठी आनली व्हती नव्हं?"

"तुला उद्या," किशनराव म्हणाला.

गुरुजी दुधाच्या कॅनवर बसले आणि उंडा मोडून भज्जीला लावला. शिळी भज्जी ताजीपेक्षा चवदार लागते असं येळवस करणारे सगळेच सांगतात. गुरुजींना चव कळली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. किशनरावाने विचारलं तर तिखट लागलं म्हणून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण किशनरावाने विचारलं नाही. तो शेजारी उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. शाळेची घंटा केव्हाच होऊन गेली असेल.

"गुर्जी," सिद्रामप्पा म्हणाला, "गाडी चालूच हाय तुमची. कवापासून उगंच जळायलंय पेट्रोल. बंद करू का?"

रस्त्याच्या कडेला गाडी एकटीच उभी होती. फट फट फट फट. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा उंडा हातात घेतला.

"असू दे आप्पा, जळू दे," ते म्हणाले. "लई वाचवलं."